डबा तोच, आतला माल वेगळा: पाच एसएसडींनी शिकवलेला धंद्याचा धडा



इतवारीच्या सराफ्यात तुम्ही अंगठी घ्यायला गेलात, तर आज काय बघता? हॉलमार्क. बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून त्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही. नंबर मोबाइलच्या ॲपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती समोर. म्हणजे सराफावर विश्वास आहेच, पण तो तपासायची सोयही आहे.

आता त्याच इतवारीत पाच मिनिटं चालत कापडाच्या ठोक दुकानात या. तिथे कॉम्प्युटरमध्ये एसएसडी बसवलेली आहे. त्या डब्याच्या आत नेमकं काय आहे, हे कोणता हॉलमार्क सांगतो? कोणताच नाही. आजचा विषय हाच आहे. आणि तुम्ही कॉम्प्युटरच्या लाइनमध्ये नसाल तरी शेवटपर्यंत वाचा, कारण शेवट तुमच्याच धंद्यावर येणार आहे.

एक खरा प्रश्न

आपल्या ट्रेनिंगला आलेला एक मुलगा इतवारीतल्या व्यापाऱ्यांना कॉम्प्युटर बसवून देतो. एका साडीच्या ठोक व्यापाऱ्याकडे त्याने पाच मशीन दिल्या. मस्त चालल्या. सहा महिन्यांनी त्याच व्यापाऱ्याने अजून पाच मागवल्या. मुलाने त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची एसएसडी टाकली. डबाही तोच.

पण हा व्यापारी रोज साड्यांचे व्हिडिओ काढतो आणि संध्याकाळी ते सगळे मशीनवर कॉपी करतो. जुन्या मशीनवर काम झटपट व्हायचं, नव्यांवर थोडं पुढे गेलं की गाडी रेंगाळायची. शेठचा फोन आला, "भाऊ, मागच्या वेळी देल्लं तेच हाय म्हणतोस, मंग हे रडून काऊन राह्यलं?"

मुलाने विंडोज तपासलं, व्हायरस तपासला, केबल बदलल्या. दोन दिवस गेले. शेवटी जुनी आणि नवी एसएसडी शेजारी ठेवली, तेव्हा दिसलं: मॉडेल एकच, पण पार्ट नंबरची शेवटची अक्षरं वेगळी आणि फर्मवेअरही वेगळं. त्याने पाचही स्वतःच्या खिशातून बदलून दिल्या. पण शेठने विचारलेला एक प्रश्न त्याच्या डोक्यातून जात नव्हता: "तुलेच माहीत नव्हतं, का मले सांगितलं नाही?"

बघा मित्रांनो, दोन्ही उत्तरं वाईट आहेत. माहीत नव्हतं म्हटलं तर कच्चा, सांगितलं नाही म्हटलं तर खोटा. आणि बदल कोणी केला होता? तिसऱ्यानेच.

हे खरंच होतं का? होतं.

एसएसडीमध्ये मुख्य दोन वस्तू असतात. डेटा साठवणाऱ्या फ्लॅश चिप आणि त्यांचा कारभार बघणारा कंट्रोलर. टीएलसी चिपच्या एका कप्प्यात तीन बिट बसतात, क्यूएलसीमध्ये चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण सलग लिहिताना हळू असते आणि तिची झीजही लवकर होते. हा हळूपणा लगेच दिसू नये म्हणून सुरुवातीला थोडी वेगवान जागा ठेवतात, तिला कॅश म्हणतात. ती भरेपर्यंत सगळं सुसाट. भरली की खरा वेग कळतो.

२०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० मध्ये फ्लॅश बदलली गेली. कॅश भरल्यानंतरचा लिहिण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६१० एमबीवरून ३९० एमबीवर आल्याचं चाचण्यांमध्ये दिसलं, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त घट. नाव तेच राहिलं. ओरड झाल्यावर कंपनीने बदल मान्य केला आणि सांगितलं की यापुढे जाहीर केलेल्या आकड्यांवर परिणाम होईल असा बदल केला, तर मॉडेल नंबरही नवा देऊ. क्रुशलची पी२ आधी टीएलसीवर आली, नंतर त्याच नावाने क्यूएलसीवर विकली गेली. त्याआधी २०१४ मध्ये किंग्स्टनच्या व्ही३०० बद्दलही हीच तक्रार होती.

सॅमसंगनेही २०२१ मध्ये ९७० इव्हो प्लसचा कंट्रोलर बदलला. पण त्यांनी डबा बदलला, पार्ट नंबर बदलला आणि माहितीपत्रकही बदललं. नाव मात्र तेच ठेवलं. तरी बघणाऱ्याला फरक सापडेल एवढी खूण ठेवली.

कंपन्या हे का करतात? २०२१ म्हणजे जगभर चिपटंचाईचा काळ. मिळेल ती चिप घ्यावी लागते, भाव वाढलेले असतात. ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण नाव तेच ठेवलं की पहिल्या मालाने कमावलेली कौतुकं दुसऱ्या मालाला फुकट मिळतात. चूक इथे आहे.

आणि ती महागही पडू शकते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड हार्ड डिस्कमध्ये न सांगता वेगळं तंत्र वापरल्याचं उघड झालं. अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २७ लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

माल घेताना या पाच गोष्टी करा

१. बिलावर नुसतं मॉडेलचं नाव नको. पूर्ण पार्ट नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्या. डबा आणि स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

२. कंपनीचं माहितीपत्रक खरेदीच्या दिवशीच उतरवून ठेवा. ते नंतर बदलू शकतं. आणि 'अमुक वेगापर्यंत' यातला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचा.

३. प्रत्येक नव्या लॉटमधली एक एसएसडी उघडून तपासा. शंभर जीबीच्या आसपासची फाइल कॉपी करा आणि वेग कुठे पडतो ते बघा. फाइल मात्र वेगवान ड्राइव्हवरून घ्या. जुन्या हार्ड डिस्कवरून घेतलीत तर तिचाच वेग मोजाल.

४. गिऱ्हाइकाचं काम विचारा. फक्त बिलिंग असेल तर साधी एसएसडी भरपूर झाली. रोज मोठे व्हिडिओ असतील तर थोडी महाग घ्या, आणि का ते समजावून सांगा.

५. बॅकअपशिवाय मशीन देऊ नका. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर. कितीही चांगली एसएसडी कधीतरी जाणारच.

आता आरसा स्वतःकडे फिरवा

समजा तुम्ही मिरची पावडर विकता. सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातली भिवापुरी मिरची वापरलीत. रंग छान, लोकांनी नाव घेतलं. पुढे भाव वाढला आणि तुम्ही दुसऱ्या भागातली मिरची कांडायला घातली. पाकीट तेच. पाकिटावरचे घटक? 'लाल मिरची'. कागदावर काहीच खोटं नाही. पण ताईंच्या रश्श्याचा रंग उतरला, त्याचं काय? त्या तक्रार करायला येत नाहीत. पुढच्या महिन्यात शेजारच्या दुकानात जातात, बस्स.

सांगा बरं, तुमच्यात आणि त्या एसएसडीवाल्या कंपनीत काय फरक राहिला?

आणि पाकिटावर 'भिवापुरी' लिहिलं असेल, तर मामला नुसत्या नावाचा राहत नाही. वस्तू अमुक दर्जाची, अमुक घटकांची किंवा अमुक मॉडेलची आहे असं खोटं सांगणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. अजून एक लक्षात ठेवा. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्यात 'ग्राहक' धरला जात नाही. म्हणजे वरून तुम्हाला कोणी फसवलं तर या कायद्याची ढाल तुम्हाला नाही, पण तुमचं घरगुती गिऱ्हाईक तुमच्यावर तक्रार करू शकतं. मधल्या माणसाने म्हणूनच जास्त जागं राहायचं.

मी असं म्हणत नाही की माल कधी बदलूच नका. भाव चढतात, पुरवठादार बदलतात, धंदा चालवायचा असतो. बदला, पण सांगून बदला. "या खेपेपासून मिरची वेगळी आहे, रंग थोडा कमी, तिखट जास्त. आधी नमुना घेऊन बघा." एवढं एक वाक्य दुकानात लावायला किती खर्च येतो? चार गिऱ्हाइकं जातील कदाचित. राहतील ती मात्र तुमच्या शब्दावर राहतील.

त्या मुलाचं पुढे काय झालं? तो आता प्रत्येक बिलामागे पार्ट नंबर, फर्मवेअर आणि स्वतः मोजलेला वेग लिहून देतो. लॉट बदलला की आधी फोन करतो. त्या शेठने ते बिल शेजारच्या दुकानदाराला दाखवलं, आणि त्याची पुढची ऑर्डर तिथून आली.

आजचा गृहपाठ: एक कागद घ्या. गेल्या वर्षभरात तुमच्या मालात, वजनात, पॅकिंगमध्ये किंवा सर्व्हिसमध्ये काय काय बदललं ते लिहा. प्रत्येक ओळीपुढे लिहा, 'सांगितलं' की 'नाही सांगितलं'. जिथे 'नाही' आलं, तिथून उद्या सकाळी सुरुवात करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा वाढवा, नाव सांभाळा!