ताप गेला, मुंग्या आल्या!

मित्रांनो, आमच्या हॉस्टेलवर आजाराचे दोनच प्रकार मानले जातात. एक 'सबमिशन' आणि दुसरा 'व्हायरल'. पहिल्यावर औषध नाही आणि दुसऱ्यावर पॅरासिटामॉल. गेल्या पावसाळ्यात माझ्या रूम पार्टनरने आम्हाला तिसरा प्रकार दाखवला, आणि तो आम्हा कुणालाच ओळखता आला नाही. म्हणून हा लेख. त्याची परवानगी घेतली आहे. फक्त "नाव छापलंस तर तुझी जर्नल्स मी लिहिणार नाही" अशी धमकी असल्यामुळे नाव देत नाही.

ऑगस्टमध्ये आमच्या मजल्यावर फ्लूची साथ आली. अर्धा मजला खोकत होता. दोघांच्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा निघाला, बाकीच्यांनी तपासणीच केली नाही. आमचा पठ्ठ्याही त्यातलाच. चार दिवस ताप, अंगदुखी, खोकला. पाचव्या दिवशी साहेब मेसमध्ये हजर! प्रकरण मिटलं.

दहा दिवसांनी त्याच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. "रात्रभर मांडी घालून शीट काढत बसलास, दुसरं काय होणार?" इति अस्मादिक. दुसऱ्या दिवशी चालताना पायातली चप्पल निसटायला लागली. तिसऱ्या दिवशी तो कठडा धरून जिना चढला. मेसच्या मावशी म्हणाल्या, "बाळा, तापानं अशक्त झालायस, दूध पीत जा." बाहेरच्या एका दवाखान्यातही 'व्हायरलनंतरचा अशक्तपणा' म्हणून ताकदीचं इंजेक्शन मिळालं. चौथ्या दिवशी सकाळी संडासातून हाक आली. तो खाली बसला होता आणि त्याला उठताच येत नव्हतं. आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं... आणि हसलो. हे लिहिताना आज लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे.

रात्री चहा पिताना त्याला ठसका लागला आणि आवाज नाकातून यायला लागला. तेव्हा मात्र आमची तंतरली. वॉचमन काकांनी रेक्टर सरांना उठवलं आणि सरांच्या गाडीतून आम्ही सरकारी रुग्णालय गाठलं.

हातोडी आणि आकडे

माझी कल्पना अशी की आता मोठमोठी मशीन्स येणार. प्रत्यक्षात निवासी डॉक्टर मॅडमनी आधी फक्त प्रश्न विचारले. सुरुवात कुठून झाली? दोन्ही पायांत सारखंच आहे का? रोज वर सरकतंय का? लघवी अडली आहे का? महिन्याभरात ताप, खोकला किंवा जुलाब झाले होते का? जमिनीवर झोपतोस का, काही चावलं का?

नंतर कळलं की यातला एकही प्रश्न उगाच नव्हता. एकाच बाजूचा हात-पाय गेला तर संशय मेंदूवर. सुरुवातीलाच लघवी अडली आणि छाती-पोटावर एका रेषेखाली सगळं बधिर झालं, तर संशय मज्जारज्जूवर. तापात माणूस बरळायला लागला, झटके आले, गुंगीत गेला, तर मेंदूज्वर. फ्लूच्या विषाणूमुळे तोही होऊ शकतो, पण तो बहुधा ताप असतानाच गाठतो. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली तर दंशाची खूणही सापडत नाही आणि तरी माणूस लुळा पडतो. रक्तातलं पोटॅशियम घसरलं तरी पाय जातात, म्हणून तेही लगेच तपासलं गेलं. म्हणजे आपण व्हायवाला पर्याय खोडत खोडत उत्तरापर्यंत जातो ना, तसंच. फरक इतकाच की इथे केटी लागत नाही, जीव जातो.

मग मॅडमनी खिशातून रबरी हातोडी काढली. गुडघ्याच्या वाटीखाली टक्. पाय हललाच नाही. घोट्यामागे टक्. काही नाही. मी बाजूला आ वासून उभा. त्यांनी मला खुर्चीवर बसवून माझ्या गुडघ्यावर मारली, तर माझा पाय ताडकन उडाला! त्या एका क्षणात मला कळलं की आपण ज्याला चार दिवस 'वीकनेस' म्हणत होतो, ते काहीतरी वेगळंच आहे. अशक्त माणसाचाही गुडघा उडतो. याचा उडत नव्हता.

"आता खोल श्वास घे आणि एका दमात मोठ्याने आकडे मोज," मॅडम त्याला म्हणाल्या. तो १७ वर थांबला. मी मनातल्या मनात नाही, मोठ्याने मोजून पाहिले. माझे ४३ झाले. त्याच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवत होता. मी मोठ्या आशेने म्हटलं, "मॅडम, ऑक्सिजन तर ९८ आहे!"

"तो सगळ्यात शेवटी पडतो," त्या म्हणाल्या. "आधी श्वासाचे स्नायू दमतात. याला आयसीयूत घ्यायचंय."

कोरोनाने आपल्याला बोटावरचा आकडा बघायला शिकवलं. पण तिथे बिघाड फुफ्फुसात होता. इथे फुफ्फुस धडधाकट आणि भाता ओढणारा हातच लुळा पडत चाललेला. त्यामुळे आकडा शेवटपर्यंत छान दिसतो आणि आपण फसतो.

वायर ठीक, इन्सुलेशन गेलं

या आजाराचं नाव गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जी साथ आली आणि दोनशेहून जास्त संशयित रुग्ण सापडले, तोच हा आजार. त्या साथीत संशय दूषित पाण्यावर आणि कॅम्पिलोबॅक्टर या पोटातल्या जिवाणूवर होता. त्यामुळे आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात 'जीबीएस म्हणजे जुलाब' असं बसलं होतं. पण तो फ्लूसारख्या श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरही होतो. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना आधीच्या काही आठवड्यांत घशाचा, छातीचा किंवा पोटाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. अर्थात आजार विरळाच, वर्षाला लाखात एक-दोघांना होणारा. उगाच घाबरू नका.

होतं काय, तर संसर्गाविरुद्ध उभी केलेली शरीराची फौज चुकून आपल्याच नसांवर चालून जाते. आपली नस म्हणजे वायर, आणि तिच्यावरचं मायलिनचं आवरण म्हणजे इन्सुलेशन. निरोगी नसेतून संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने धावतो. आवरण सोललं गेलं की तो रेंगाळतो, विस्कटतो, मध्येच अडतो. सगळ्यात लांब वायर पायाची, म्हणून बहुधा सुरुवात पायापासून. मग हात, चेहरा, गिळणं आणि श्वास. काही रुग्णांत तर आवरण शाबूत राहून आतली तारच जखमी होते.

नसांच्या तपासणीत, म्हणजे एनसीव्हीत, नसेला एका टोकाला विजेचा हलका झटका देतात आणि संदेश पुढे किती वेळात, किती उंचीचा पोचतो ते पडद्यावर बघतात. ऑसिलोस्कोपवर आपण करतो तेच की! पायाच्या नसेतला सिग्नल उशिरा येत होता आणि पसरटही झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा एखादा वेव्हफॉर्म बघून माझ्या पोटात गोळा आला.

दुसरी तपासणी पाठीच्या कण्यातल्या पाण्याची. १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांचं वर्णन लिहिलं. त्यांच्या कण्यातल्या पाण्यात प्रथिनं वाढली होती, पण पेशी मात्र वाढल्या नव्हत्या. साध्या जंतुसंसर्गात पेशी वाढतात, म्हणून ही जोडी महत्त्वाची खूण ठरली. (स्ट्रोलने त्या वेळी रिफ्लेक्सची यंत्रावर नोंद घेतली होती, आणि आजाराच्या नावातून नेमका तोच गळाला! उपकरणवाल्यांचं नशीब, दुसरं काय.)

आमच्या पार्टनरच्या पाण्यात प्रथिनं नॉर्मल आली. मी खूश होऊन रेक्टर सरांना फोन लावणार, तेवढ्यात मॅडमनी सांगितलं, "पहिल्या आठवड्यात हा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. एनसीव्हीसुद्धा कधीकधी येते. आम्ही त्यासाठी थांबत नाही." थोडक्यात, निदान उभं होतं ते त्या पाच-सहा प्रश्नांवर आणि हातोडीवर. यंत्रांनी फक्त सही केली.

पुढे काय झालं?

उपचार दोन. एक तर प्लाझ्मा बदलणं, नाहीतर आयव्हीआयजी, म्हणजे हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडीज शिरेतून देणं. त्याला दुसरा दिला. रोज किलोमागे ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. साठ किलोच्या आमच्या पैलवानाला एकूण १२० ग्रॅम लागले. रक्तदान शिबिरात आजवर मी बिस्किटासाठी जायचो, यंदा दात्यांच्या रांगेत पहिला उभा होतो. हे उपचार जितके लवकर तितके बरे. चार-चार आठवडे उलटल्यावर त्यांचा फारसा उपयोग उरत नाही.

उपचार सुरू झाल्या झाल्या आजार थांबत नाही. दुसऱ्याच दिवशी तो व्हेंटिलेटरवर गेला आणि नऊ दिवस तिथेच होता. त्याचे आई-बाबा रात्रीची एसटी पकडून आले. काकूंनी मला एकच विचारलं, "बाळा, सुरुवातीला काही दिसलं नव्हतं का रे?" दिसलं होतं, काकू. चप्पल निसटताना दिसलं होतं.

तो वाचला. सहा महिन्यांत दहापैकी साधारण आठ रुग्ण आधाराशिवाय चालायला लागतात, त्यात तोही आला. सेमिस्टर मात्र गेली. पाय अजून लवकर दमतात. आमची रूम आता तळमजल्यावर आहे.

तेव्हा मित्रांनो, आणि रेक्टर सरांसह सगळ्या स्टाफलाही विनंती, एवढं पक्कं लक्षात ठेवा. तापानंतरचा अशक्तपणा दिवसेंदिवस कमी होत जातो. जो दिवसेंदिवस वाढतो, दोन्ही पायांत सारखा असतो, मुंग्यांनी सुरू होऊन वर चढतो, तो अशक्तपणा नव्हे. अशा पोराला मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर आणि आयसीयू असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या. उठता येत नसेल, ठसका लागत असेल, आवाज बदलला असेल किंवा एका दमात वीसपर्यंतही मोजता येत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. मोजणी चांगली आली म्हणून जाणं टाळूही नका. आणि तिथे आपण होऊन सांगा, "पंधरा दिवसांपूर्वी याला फ्लू झाला होता." बरा झालेला आजार कुणी सांगत नाही, आणि निदानाचा धागा नेमका तिथेच असतो.

आणि हो, संडासातून कुणी हाक मारली तर हसू नका. आधी विचारा, मुंग्या कधीपासून येतायत?

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी