खुरासान नावाची सरहद्द

फणसवाडीत पारशी शेजाऱ्यांचं दादीशेठ आतश बेहराम आहे, १७८३ सालचं. आपल्यापैकी अनेक जण त्याच्यासमोरून येतात-जातात. पारशांच्या 'किस्सा-ए-संजान'मध्ये त्यांचे पूर्वज हिंदुस्तानात येण्याआधी शंभर वर्षं कोहिस्तानात राहिले असं सांगितलंय. कोहिस्तान म्हणजे खुरासानचा दक्षिण भाग. हल्ली मुलांच्या कानावर खुरासान येतं ते फक्त दहशतवादाच्या बातम्यांतून, म्हणून थोडं सांगतो.

खुरासान म्हणजे सूर्य उगवतो तो मुलूख, इराणची पूर्वेची सरहद्द. हखामनी बादशहांच्या काळी इथं पार्थिया प्रांत होता. मग सिकंदर, त्याच्यामागून सेल्युकसचं घराणं. पुढं उलटंच झालं. पार्थियनांनी इथूनच निघून अख्खा इराण घेतला! सासानींचा शेवटचा बादशहा यझ्दगर्द तिसरा अरब फौजांपुढं हटत हटत ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. एका चक्कीवाल्यानं मारलं म्हणतात.

तरी सरहद्दीची खोड गेली नाही. ७४७ मध्ये अबू मुस्लिमनं मर्वच्या भागातूनच बंड उभारलं आणि तीन वर्षांत दमिश्कची उमय्या खिलाफत कोसळली.

आपण ज्यांच्या 'सहीह'मधल्या हदीसा ऐकतो, ते इमाम मुस्लिमही याच खुरासानातल्या निशापूरचे. त्यांचा इंतकाल हिजरी २६१ मध्ये, म्हणजे इसवी ८७५ मध्ये, तिथंच झाला.