कडक भाकरी, कोरडं पोट

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पाण्याची ओढाताण पोटातही सुरू होते. उरल्यासुरल्या अन्नातलं पाणी शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम. घामावाटे पाणी गेलं आणि पिणं कमी पडलं, की मळात पाणी फारसं उरतच नाही आणि बद्धकोष्ठ होतं. शिवाय मळ जितका आत रेंगाळेल, तितका सुकत जातो. मागावर उभं असताना किंवा विड्या वळताना आलेली शौचाची कळ ‘हातातलं संपवून जाऊ’ म्हणत दाबली, तर ती विझते. रोज दाबली, तर हळूहळू यायचीच कमी होते.

खरं तर आपलं जेवण चांगलं आहे. ज्वारीत भरपूर चोथा असतो. पण चोथा पाणी धरून ठेवतो तेव्हाच मळ मऊ राहतो. कडक भाकरी शेंगाचटणीशी कोरडीच मोडून वर घोटभर पाणी, हे काही खरं नाही. सोबत पातळ आमटी, पालेभाजी, ताक हवंच. इसबगोलही पेलाभर पाण्याशिवाय घेऊ नये. कोरडा घशात अडकू शकतो.

आता बद्धकोष्ठावरचे दाबबिंदू. ही विद्या चिनी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे तिथे ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात ते करू लागले. ॲक्युप्रेशरमध्ये त्याच बिंदूंवर सुईऐवजी बोट.

बेंबीच्या दोन्ही बाजूंना सुमारे तीन बोटांवर एकेक बिंदू मानतात. उताणं झोपून, गुडघे दुमडून, श्वास सोडताना तिथे हलकेच मिनिटभर दाबायचं. मग तळहात उजव्या ओटीपोटापासून वर बरगडीपर्यंत, तिथून आडवा डावीकडे आणि खाली असा फिरवायचा. मोठं आतडं याच वाटेनं जातं. अंगठा आणि तर्जनी यांमधला बिंदूही प्रसिद्ध आहे. गरोदरपणी मात्र तो टाळतात.

अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बद्धकोष्ठाच्या शंभर रुग्णांपैकी काहींना गुदद्वाराच्या पुढच्या भागावर बोटांनी दाब द्यायला शिकवलं. त्यातल्या ७२ टक्के जणांना फायदा वाटला. अभ्यास छोटा, तेव्हा मी याला जोडउपाय म्हणेन. पाणी न पिता बिंदू दाबत बसणं म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट चालवणं.

वेळ साधावी ती सकाळची. पोटात काही गेलं की आतड्याला आपोआप चालना मिळते. त्यामुळे चहा-न्याहारीनंतर दहा मिनिटं, मोबाइल बाहेर ठेवून बसावं. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्यावा. उकिडवं बसल्यावर गुदमार्ग सरळ होतो आणि कमी कुंथावं लागतं. किडनी किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी पाणी डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.

शौचातून रक्त, कारणाविना घटणारं वजन, पोट फुगून उलट्या किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय दिसली, तर बोटं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.