दुखण्याची गोळी आणि खानदेशचं ऊन

एप्रिल उजाडला की धुळे, जळगाव, भुसावळ ही नावं तापमानाच्या बातम्यांत रोज झळकू लागतात. पारा 43-44 अंशांवर चढतो, पण कामं थांबत नाहीत. साक्रीकडे कांदा चाळीत भरायचा असतो, रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड खांद्यावर वाहून गाडीपर्यंत न्यायचे असतात, मार्केट यार्डात पोती हलवायची असतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे दिवसदिवस स्टिअरिंगवर बसून कंबर धरलेले ट्रकचालकही इथे कमी नाहीत. संध्याकाळ झाली की यातले कितीतरी जण मेडिकलच्या काउंटरवर एकच मागणी करतात : ‘अंगदुखीच्या दोन गोळ्या द्या.’

त्या गोळ्या बहुधा डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या असतात. दुखणं आणि सूज दोन्ही उतरवणारी ही औषधं. डॉक्टरांनी योग्य माणसाला, योग्य मात्रेत दिली तर अतिशय उपयोगी. डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅक कायद्याने शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. पाकिटावर तसा इशाराही छापलेला असतो. पण पट्टी कापून दोन गोळ्या कागदात बांधून दिल्या की तो इशारा दुकानातच राहतो.

या गोळ्या काम कसं करतात, हे लंडनमध्ये शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 साली दाखवून दिलं. ॲस्पिरिन आणि तिच्यासारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. सूज आणि वेदना वाढवण्यात याच द्रव्यांचा हात असतो, म्हणून गोळी घेतली की आराम पडतो. प्रोस्टाग्लँडिनांवरच्या संशोधनासाठी वेन यांना 1982 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. अडचण अशी, की हीच द्रव्यं जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी फक्त गुडघ्यापुरतं काम करत नाही. ती रक्तातून सगळीकडे पोचते.

खानदेशातला खरा धोका आहे मूत्रपिंडाला. पांझरा नदीच्या काठी शेकडो वर्षं फड पद्धतीने शेती भिजली. नदीचं पाणी आटू लागलं तरी पाणी वाटणारा पाटकरी पाळी लावून प्रत्येक फडापर्यंत ते पोचवायचा. शरीरातलं पाणी कमी होतं तेव्हा प्रोस्टाग्लँडिन मूत्रपिंडात असंच काम करतात. तिथल्या रक्तवाहिन्या रुंद ठेवून ते कमी रक्तातही गाळणी चालू ठेवतात. उन्हात दिवसभर घाम गाळलेला, पुरेसं पाणी न प्यालेला माणूस वरून ही गोळी घेतो, तेव्हा पाटकऱ्यालाच घरी पाठवल्यासारखं होतं. लघवी कमी होते, गडद होते, पायावर सूज येते. वेळीच ओळखलं तर मूत्रपिंड बहुतेक वेळा सावरतं. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला काय करू शकतं, याची सर्वांत भयंकर नोंद गिधाडांच्या नावावर आहे. हे औषध टोचलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडतात, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. तोवर भारतातली गिधाडांची संख्या प्रचंड घटली होती. 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरच्या एका डोसपुरती मर्यादित करण्यात आली. माणसाचं शरीर गिधाडाइतकं नाजूक नाही, पण मूत्रपिंड आधीच अडचणीत असेल तर त्यालाही हे औषध झेपत नाही.

जठराची गोष्ट वेगळी. रिकाम्या पोटी गोळी घेतली की जळजळ होते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून भाकरी खाऊन, भरपूर पाण्याबरोबर गोळी घ्यावी, हा सल्ला बरोबरच आहे. पण पोट भरलेलं असलं म्हणजे अल्सर होणारच नाही, असं नाही. अल्सर कधी कधी दुखतही नाही आणि पहिली खूण दिसते ती डांबरासारख्या काळ्या शौचाची. रक्ताची उलटी झाली किंवा असं काळं शौच झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायला हवा. ‘इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही’ हाही गैरसमजच. औषध सुईने गेलं तरी जठरातले प्रोस्टाग्लँडिन कमी होतातच.

घरातल्या डब्यातल्या दोन पट्ट्या उलटून पाहिल्या तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. एकीवर लिहिलेलं असतं ॲसिक्लोफेनॅक 100 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम. दुसरीवर आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325. नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. सकाळी कंबरेसाठी एक आणि दुपारी डोक्यासाठी दुसरी घेणारा माणूस प्रत्यक्षात सूज उतरवणारी दोन औषधं एकदम घेत असतो, शिवाय पॅरासिटामॉल दुप्पट. दोन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो.

काही जणांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळीला हातच लावू नये. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा अल्सरचा जुना आजार असलेले, दमेकरी, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, साठी ओलांडलेले आणि गरोदर स्त्रिया हे त्यातले. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर ही औषधं टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये दिला. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना वर ही तिसरी घेतली, तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण पडतो. सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या वेदना तीव्र असतात आणि मूत्रपिंडही आजाराने कमजोर होत असतं. त्यांच्या गोळीची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायला हवी.

पावसाळ्यातला ताप हा आणखी एक सापळा. अंग मोडून येतं, सांधे धरतात, म्हणून लोक डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागतात. तो ताप डेंग्यूचा निघाला तर प्लेटलेट्स आधीच घसरत असतात आणि या औषधाने रक्तस्राव होण्याची भीती वाढते. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ठरलेल्या मात्रेतलं पॅरासिटामॉलच योग्य.

मग दुखणाऱ्याने करायचं काय? फक्त गुडघा किंवा हाताचे सांधे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून याच औषधाचं मलम वापरता येतं. ते रक्तात फार थोडं उतरतं. गोळी लागलीच तर कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस. उलट्या-जुलाब चालू असताना, किंवा उन्हाने जीव कासावीस झालेला असताना आधी पाणी, सावली आणि विश्रांती, गोळी नको. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या ‘सांधेदुखीच्या पुड्या’ही घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा हीच वेदनाशामकं मिसळल्याचं आढळलेलं आहे. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी या भीतीने आपल्या मनाने बंद करू नये.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, मग तो गावचा असो की धुळ्याचं सरकारी हिरे वैद्यकीय महाविद्यालय, घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांपुढे मांडा. मेडिकलवर सुट्या गोळ्या घेण्याऐवजी नाव आणि तारीख दिसेल अशी पट्टी मागा. गोळीने पुरळ, सूज किंवा दुसरा त्रास झाला तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर तो कळवा. ही नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो.