एका सप्ताहाचा हिशेब

28 फेब्रुवारी 2011च्या रात्री जनगणनेचे प्रगणक देशभरातल्या बेघरांना मोजायला बाहेर पडले. पदपथावर, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात किंवा उघड्या मांडवात झोपलेला तो बेघर. देशाचा आकडा आला पावणेअठरा लाखांच्या आसपास, महाराष्ट्राचा 2 लाख 11 हजारांच्या आसपास.

त्या रात्री बीडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडांवर होते. फेब्रुवारी म्हणजे गळिताचा भर. बांबूच्या कामट्या, पाचट आणि वर ताडपत्री, अशी त्यांची कोपी. आत शिरायचं तर कमरेत वाकून, दाराला लुगड्याचा पडदा. पहाटे अंधारात आईबाप कोयता घेऊन निघाले की आत उरतं ते तान्हं आणि त्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची बहीण. पण डोक्यावर छप्पर आहे, म्हणून व्याख्येप्रमाणे हे बेघर नाहीत.

बीडमधून दरवर्षी पाच लाखांच्या आसपास माणसं तोडीला जातात, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. जिल्ह्याची 2011ची लोकसंख्या 25 लाख 85 हजार, म्हणजे साधारण पाचातलं एक माणूस! मुकादमाची उचल फेडायला एका जिल्ह्यातून पाच-सहा महिने घर सोडणारे हे लोक अख्ख्या राज्याच्या सरकारी बेघरांच्या दुपटीहून जास्त भरतात.

राज्यातल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने 82 वसतिगृहांची योजना आणली. प्रत्येकी शंभर मुलं धरली तरी सगळी मिळून 8,200. गावातली हंगामी वसतिगृहं आहेत, पण गरजेपुढे तीही अपुरी.

मग बाकीच्यांचं काय? मला उत्तर गावातच दिसतं. आषाढी वारीला शेगावची पालखी सुमारे सातशे वारकरी घेऊन परळी-अंबाजोगाईवरून जाते, तेव्हा एवढ्या माणसांच्या जेवणाची आणि पाठ टेकण्याची सोय भाविक आपसूक करतात. आणि हरिनाम सप्ताह तर गावोगाव असतो: वर्गणी, शिधा, आचारी, पंगतीला वाढणारी पोरं, सगळं ठरलेलं.

एका मध्यम गावाचा सप्ताह धरा. सात दिवस, दोन वेळा, पाचशे पानं: झाली सात हजार ताटं. आता गावात मागे ठेवलेली पंचवीस मुलं धरा. दीडशे दिवस, दोन वेळा: साडेसात हजार ताटं. गाव सात दिवसांत जेवढं अन्न रांधतं, जवळजवळ तेवढ्यातच पंचवीस मुलांचा अख्खा हंगाम निघतो. जिल्ह्यात हजारावर गावं आहेत. हजार गावांनी हे मनावर घेतलं तर पंचवीस हजार मुलं, म्हणजे त्या 82 वसतिगृहांच्या तिप्पट.

सप्ताह बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. अन्नदान थोर आहेच, ते आणखी लांबवा एवढंच मागणं. झोपायला सभामंडप आहे, समाजमंदिर आहे. बुद्धविहाराचं, दर्ग्याचं आवारही आहे. रात्री मुलींजवळ थांबायला विश्वासातल्या दोन बाया मात्र हव्यात, त्याशिवाय कुठलीच आई मुलगी मागे ठेवणार नाही.

गाड्या दसरा-दिवाळीनंतर निघतात. सप्ताह कमिटीत तुमचा शब्द चालत असेल, तर त्याआधीच्या बैठकीत पंचवीस मुलांचा विषय मांडाच.