गर्भाशयाचा अंडाशयास निरोप

पेडणे-डिचोलीतील ज्या सभासदांच्या गोठ्यात गाय आहे, मग ती आपली श्वेतकपिला असो वा संकरित, त्यांना तिचा माज सुमारे २१ दिवसांनी परतून येतो हे ठाऊकच आहे. हा हिशेब ठेवतो कोण, ते येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

माज ओसरून अंडे सुटले की त्या जागी अंडाशयात एक पिवळी गाठ बनते. तिला पीतपिंड म्हणतात. तिच्यातून प्रोजेस्टेरॉन हा स्राव रक्तात मिसळतो व तो आहे तोवर पुढचा माज येत नाही. १९२३ साली लिओ लोब यांनी गिनीपिगचे गर्भाशय काढून पाहिले, तेव्हा पीतपिंड नेहमीहून पुष्कळ दिवस टिकला. म्हणजे तो मोडण्याचा निरोप गर्भाशयच धाडते! गाभ नसल्यास १६-१७ व्या दिवसाच्या सुमारास गायीचे गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडते. ते शिरेतून तिला बिलगलेल्या धमनीत झिरपून अंडाशयास पोहोचते. गाभ असल्यास इवला गर्भच इंटरफेरॉन टाऊ सोडून हा निरोप थोपवितो.

तेव्हा माज चुकला म्हणजे गाय गाभणच, असे समजू नये. गर्भाशयात पू साचल्यासही पीतपिंड टिकून राहतो. तसेच माजावर आणण्याचे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन पशुवैद्याच्या तपासणीवाचून देऊ नये. गाभण गाय गाभडेल.

स्त्रियांत मात्र अंडाशय या निरोपावर अवलंबून नसते. गर्भाशय काढल्यावर पाळी थांबते, परंतु अंडाशय शाबूत असल्यास त्याचे कार्य चालू राहते. गायीचा नियम माणसास लावून घरच्या भगिनींनी उगाच धीर सोडू नये.