मोबाइलवरचे निरोप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जगातली पहिली व्यावसायिक सिम कार्डं १९९१ साली म्युनिकच्या गिझेके अँड डेव्हरियंट या कंपनीने बनवली. फिनलंडच्या रेडिओलिन्या या मोबाइल कंपनीने त्यातली ३०० विकत घेतली. आज म्युनिकमधल्या कितीतरी मराठी घरांत एकाच फोनमध्ये दोन सिम चालतात, एक जर्मन आणि एक भारतातलं. रोजची इतकी कामं त्यावर अवलंबून असताना काही गैरसमज मात्र महागात पडू शकतात.

गैरसमज : सिम बदललं की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गप्पा जातात.
वस्तुस्थिती : गप्पा सिममध्ये साठतच नाहीत, त्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये असतात. नंबर बदलायचा असेल तर सेटिंग्जमधला ‘चेंज नंबर’ हा पर्याय वापरावा. खरी काळजी भारतातल्या नंबराची घ्यायला हवी. रिचार्जअभावी तो बंद पडला, तर पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ शकतात.

गैरसमज : एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतातच.
वस्तुस्थिती : एसएमएसची मर्यादा १४० बाइट्सची आहे. इंग्रजी मजकुराला दर अक्षरामागे ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. जर्मनमधली ä, ö, ü ही अक्षरंही त्याच संचात आहेत. देवनागरीला मात्र सहसा १६ बिट लागतात, म्हणून मर्यादा ७० वर येते. त्यातही काना, वेलांटी वेगळी मोजली जाते. मजकूर लांबला की त्याचे तुकडे होतात आणि पैसे सहसा प्रत्येक तुकड्याचे लागतात.

गैरसमज : व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे सगळंच सुरक्षित.
वस्तुस्थिती : २०१६ पासून संभाषणाला हे कवच आहे. क्लाउडवरच्या बॅकअपसाठी ते २०२१ मध्ये आलं, पण तो पर्याय सुरू आहे का, हे सेटिंग्जमध्ये जाऊन पाहावं लागतं. तिथला पासवर्ड विसरलात, तर बॅकअप उघडता येत नाही.

गैरसमज : फोनवरून ईमेल काढला तरी लॅपटॉपवर राहतो.
वस्तुस्थिती : आयमॅप पद्धतीत दोन्हीकडे सर्व्हरवरची एकच पेटी दिसते. एकीकडे काढलेला ईमेल दुसरीकडूनही जातो.

गैरसमज : जर्मनीत घर किंवा नोकरी सोडताना ईमेल पुरतो.
वस्तुस्थिती : पुरत नाही. जर्मन नागरी संहितेच्या कलम ५६८ नुसार राहत्या घराच्या भाडेकराराची आणि कलम ६२३ नुसार नोकरीची नोटीस लेखी द्यावी लागते. त्यासाठी हाताने सही केलेला कागद हाच खात्रीचा मार्ग. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली नोटीस कायद्याने निष्फळ ठरते. मोबाइल किंवा जिमच्या कराराचं मात्र उलट आहे. १ ऑक्टोबर २०१६ पासून केलेल्या अशा ग्राहक करारांत कंपनी छापील अटींद्वारे सहीच्या पत्राचा आग्रह धरू शकत नाही. ते रद्द करायला साधारणपणे ईमेल चालतो.

म्हणून भारतातला नंबर चालू ठेवा, बॅकअपचं एन्क्रिप्शन आजच तपासा आणि घर किंवा नोकरी सोडायची वेळ आली, तर सही केलेला कागद वेळेत पोचवून त्याची पोच घ्या.